तुम्ही म्हणाल तर नाही थांबत

"मॅडम, वीस मिनिटं गाडी बाजूला घेतली तर चालेल का? तुम्ही म्हणाल तर नाही थांबत."

पहाटेचे साडेतीन वाजले असतील. मी मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉपची बॅग, एअरपोर्टवरून निघून बराच वेळ झालेला, आणि सकाळी नऊला मीटिंग. त्याने हे विचारलं ते मागे न बघता, रस्त्याकडे नजर ठेवूनच, आणि आवाज असा पडलेला की उसने पैसे मागतोय असं वाटावं. मी थांबा म्हटलं. पुढे एक पेट्रोल पंप लागला तिथे दिव्याखाली त्याने गाडी लावली, इंजिन बंद केलं, काचा दोन बोटं खाली घेतल्या, सीट मागे पाडली, मोबाईलवर अलार्म लावला आणि मिनिटभरात त्याचा श्वास संथ झाला. म्हणजे तो किती दमला असेल बघा, बोलणं संपून झोप लागायला मिनिटसुद्धा लागलं नाही. उठला, तोंड धुतलं, थोडा चालला, आणि मग उरलेला रस्ता अगदी नीट गेला. मीटिंगला जरा उशीर झाला, पण तो कुणी विचारलाही नाही. हे सगळं व्यवस्थितच झालं, तरी त्याचं ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पहिलं वाक्य त्याच्या डोळ्यांचं होतं, दुसरं त्याच्या पोटाचं. डोळे मिटतायत हे त्याला पक्कं कळत होतं, गाडीत दोन माणसांचा जीव होता, आणि तरी थांबायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्याने मला देऊन टाकला होता, कारण पैसे माझी कंपनी देत होती.

मला हे जास्त लागलं त्याचं कारण घरातलं आहे. बाबा ट्रक चालवायचे. सगळी हयात त्यातच गेली त्यांची. लहानपणी मला वाटायचं की घाट, वळणं, दरी, पाऊस हे सगळं धोक्याचं, आणि सरळ मोठा रस्ता लागला की बाबांना आराम. बाबा म्हणायचे अगदी उलटं असतं, वळणावर कुणाला झोप येत नाही, हात-पाय-डोळे सगळे कामाला लागलेले असतात, झोप येते ती सरळ, गुळगुळीत, रिकाम्या रस्त्यावर. आणि ती येताना सांगून येते असं ते नेहमी म्हणायचे. आधी जांभया, मग डोळे चुरचुरतात, मग मागचा एक दोन किलोमीटरचा रस्ता आठवतच नाही, कुठला बोर्ड गेला ते सांगता येत नाही, गाडी उगाच थोडी डावी-उजवी व्हायला लागते. "मागचा रस्ता आठवेनासा झाला की संपलं, तिथेच थांबायचं," हा त्यांचा नियम. पुढच्या गावाला थांबू, पुढच्या पंपावर थांबू असं नाही, थांबण्यासारखी पहिली बरी जागा मिळेल तिथे. पुढे मी मोठी झाल्यावर याबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की बाबांना जे अनुभवाने माहीत होतं त्याला डॉक्टर मंडळी मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंदांची झोप, कधीकधी डोळे उघडे असतानासुद्धा, आणि माणसाला नंतर सांगूनही पटत नाही की तो झोपला होता. ताशी शंभरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटरच्या वर गाडी कुणीच चालवत नसतं.

आणि वेळ ठरलेली असते याची. रात्री दोन ते सहा, आणि दुपारी साधारण दोन ते चार. या दोन वेळांना शरीराचं घड्याळ आपोआप खाली जातं, तुम्ही जेवलात की नाही, कितीही अनुभवी आहात, याचा त्याला काही फरक पडत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी लोकांना जागं ठेवून आणि दुसऱ्या वेळी दारू पाजून, हात आणि डोळे यांचा मेळ लागणारी एकच चाचणी दोन्ही वेळा घेतली होती. सलग सतरा तास जागलेला माणूस ०.०५ टक्के अल्कोहोल रक्तात असलेल्या माणसाइतका ढिला पडला होता, आणि चोवीस तास जागलेला जवळजवळ ०.१० टक्केवाल्याइतका. ०.०५ ही बऱ्याच देशांत दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. आता हिशोब करा. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास पूर्ण करतो. आपली रात्रीची फ्लाइट त्यानंतर उतरते आणि आपल्याला न्यायला आलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा सकाळपासूनच ड्यूटीवर असतो. तोंडाला दारूचा वास आला असता तर आपण त्या गाडीत बसलोच नसतो. झोपेला वास नसतो.

इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २००१ च्या सकाळी, सव्वासहाच्या सुमाराला, एक माणूस स्वतःची गाडी चालवत कामाला निघाला होता. मागे ट्रेलर, त्याच्यावर दुसरी एक गाडी. यॉर्कशरमधल्या ग्रेट हेक गावाजवळ एम ६२ मोटरवेवरून त्याची गाडी बाजूला गेली, उतारावरून घसरत खाली रेल्वेच्या रुळांवर आली. तो बाहेर पडला, फोनवरून मदत मागत होता, तेवढ्यात पॅसेंजर ट्रेन येऊन आदळली, रुळावरून उतरली, आणि समोरून येणाऱ्या कोळशाच्या मालगाडीला धडकली. दहा माणसं गेली. त्यात दोन्ही ट्रेनचे ड्रायव्हर होते. आदल्या रात्री तो गाडीवाला जवळजवळ झोपलाच नव्हता, आणि कोर्टात ज्यूरीने मान्य केलं की गाडी चालवताना त्याला झोप लागली होती. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळंच होतं. मी या केसबद्दल वाचलं त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून पहाटेची गाडी बुक करताना ती आठवते, कारण तो काही रात्रंदिवस चाक धरणारा ट्रकवाला नव्हता, तुमच्याआमच्यासारखा सकाळी कामावर पोचायचं म्हणून निघालेला माणूस होता.

झोप आली की लोक काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. काच खाली घेतात, गाणी मोठ्याने लावतात, तोंडावर पाणी मारतात, स्वतःलाच चिमटे काढतात, बाजूच्याशी जबरदस्तीने गप्पा मारतात. इंग्लंडमधल्याच लफबरो युनिव्हर्सिटीत जिम हॉर्न आणि लुईस रेनर या संशोधकांनी हे सगळं सिम्युलेटरवर तपासून पाहिलं होतं. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग अगदी थोडा वेळ, थांबायला जागा शोधेपर्यंत. खरा उपयोग झाला तो कॉफी आणि छोट्या झोपेचा, आणि त्यातही एक क्रम आहे जो मला फार आवडतो. आधी कॉफी प्यायची, मग लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. कॅफीन अंगात भिनायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणजे उठता उठता ते कामाला लागलेलं असतं. यापेक्षा जास्त झोपलात, पाऊण तास वगैरे, तर गाढ झोपेतून उठल्यासारखं जड होतं, डोकं चालत नाही, म्हणून मग दहा-पंधरा मिनिटं चालून, पाणी पिऊन, पूर्ण जागं होऊनच चाक हातात घ्यायचं. आणि हे सगळं करून रात्रभर गाडी हाकता येते असा अर्थ कुणी काढू नका, याने तास-दीड तास मिळतो, तेवढ्यात झोपायची खरी जागा गाठायची.

गाडीत झोपताना एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बंद जागेत, गॅरेजमध्ये, बेसमेंटमध्ये, किंवा सायलेन्सर बर्फात-चिखलात-भिंतीला टेकून बुजलेला असताना इंजिन चालू ठेवून एसी-हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस खोकतसुद्धा नाही. ट्रकच्या केबिनमध्ये थंडीसाठी शेगडी किंवा गॅस पेटवून झोपणं तर त्याहून वाईट. त्या रात्री त्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून काच दोन बोटं खाली केली, तेव्हाच मला कळलं की हा माणूस नीट शिकलेला आहे. मग अशा माणसाला सुद्धा थांबायची परवानगी का मागावी लागते?

कायदे आहेत, नाही असं नाही. युरोपात २००६ चा नियम आहे, साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच, दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोन वेळा फक्त दहा, आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवत असतं. अमेरिकेत मालवाहू ट्रकवाल्याला आधी सलग दहा तास सुट्टी, मग ड्यूटीच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास ड्रायव्हिंग, आणि आठ तास चालवून झाले की अर्धा तास ब्रेक. भारतात १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं म्हणायचा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आकडे सगळीकडे वेगवेगळे आहेत पण एक बारीक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे, थांबायचा निर्णय ड्रायव्हरच्या मर्जीवर किंवा मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, घड्याळावर सोडलेला आहे. मला वाटतं यातलं शहाणपण हेच. माणसाला झोप आली की नाही हे विचारायचंच नाही, कारण तो नाहीच म्हणणार. पण हे नियम मोठ्या गाड्यांना, भाड्याच्या गाड्यांना. जो सेल्सवाला किंवा इंजिनीअर स्वतःच गाडी काढून तीन शहरं करून रात्री घरी परततो त्याच्या गाडीत टॅकोग्राफ नाही, आणि त्याचा बॉस हा प्रवास कामाच्या तासांत धरतही नाही. दिवसभर मीटिंग करून मग चार तास ड्रायव्हिंग म्हणजे चार तास काम नाही हो, ते दिवसाचे बारावे-तेरावे तास असतात.

विमानातून उतरून लगेच भाड्याची गाडी घेणाऱ्यांचं तर मला फार काळजीचं वाटतं. पाच-सात तासांचा वेळेतला फरक पार करून आलेल्या शरीराला साधारण एका दिवसात एक तास सरकता येतं. म्हणजे बाहेर लख्ख दुपार असली तरी तुमच्या आत पहाटेचे तीन वाजलेले असू शकतात. त्यात रस्त्याची बाजू उलटी, वायपर लावायला जावं तर इंडिकेटर लागतो, आणि फोनवरचा नकाशा ओरडतोय. जमत असेल तर पहिल्या रात्री एअरपोर्टजवळच झोपा आणि गाडी सकाळी घ्या. नाहीच जमलं तर पार्किंगमध्येच पाच मिनिटं बसा, आरसे, सीट, दिवे, वायपर, हँडब्रेक सगळं हाताखालून घाला, पत्ता तिथेच टाका. उलट्या बाजूची सवय नसलेला माणूस भर ट्रॅफिकमध्ये सहसा चुकत नाही, कारण पुढच्याच्या मागे जातो. चुकतो तो रिकाम्या रस्त्यावर, पंपातून किंवा हॉटेलातून बाहेर पडताना पहिल्याच वळणाला. आणि सर्दीची गोळी! जुन्या पद्धतीच्या अँटीहिस्टॅमिनने झोप येते, पाकिटावर लिहिलेलं असतं, पण प्रवासात पाकीट कोण वाचतं, दुकानदाराने दिली की घेतली. ड्रायव्हर मंडळींनी तर औषध घेतानाच सांगावं की मी गाडी चालवतो, झोप न आणणारं द्या. घरातलं माणूस जोरात घोरतं, मध्येच श्वास अडकून दचकतं, आणि दिवसा बसल्याबसल्या पेंगतं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्याला उपचार आहेत, आणि चाक हातात असणाऱ्यासाठी ते चष्म्याइतकेच गरजेचे आहेत.

आमच्याकडे मोबाईल आले तेव्हा आईने एक पद्धत पाडली. बाबा गाडीवर असताना घरून फोन जायचा नाही. फोन त्यांनी करायचा, थांबले की. कितीही महत्त्वाचं असलं, कुणी आजारी असलं, तरी मेसेज टाकायचा आणि वाट बघायची. मला तेव्हा याचा राग यायचा, परीक्षेचा निकाल लागलाय आणि बाबांना सांगायचं नाही म्हणजे काय. आता बघते तर ड्रायव्हरला सगळ्यात जास्त फोन येतात ते त्याच्याच मालकाचे आणि कस्टमरचे, कुठे पोचलास, किती वेळ, लोकेशन पाठव. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या ड्रायव्हरला अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, डोकं नाही. मी आता कुणालाही फोन केला की पहिला प्रश्न विचारते, गाडी चालवताय का, आणि हो म्हटलं की ठेवते. समोरच्याला कधीकधी ते तुटक वाटतं. वाटू दे.

पट्टा.

मागच्या सीटवरचा पट्टा म्हणतेय मी. पुढे बसलं की लोक मुकाट्याने लावतात, आणि मागे बसलं की लॅपटॉप उघडतात. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलं, इतकी ती गोष्ट मोलाची होती. गाडीतल्या माणसाच्या मरणाचा धोका पट्ट्याने निम्म्यापर्यंत कमी होतो. पण मागच्या सीटचा एक वेगळा हिशोब आहे जो फार कुणी बोलत नाही. गाडी आदळली की पट्टा न लावलेला मागचा माणूस गाडीच्या स्पीडने पुढे फेकला जातो, आणि पुढे कोण असतं? ड्रायव्हर. त्याने बिचाऱ्याने पट्टा लावलेला असतो आणि मागून साठ-सत्तर किलोचं अंग त्याच्या सीटवर येऊन आदळतं. म्हणजे मागे बसून पट्टा न लावणं हा आपल्या एकट्याचा प्रश्न नाही. लॅपटॉप, जड बॅग, पाण्याची स्टीलची बाटली, हेही डिकीत किंवा पायाशी. आणि उतरताना रस्त्याच्या बाजूचं दार उघडायचं तर दारापासून लांबच्या हाताने उघडा, आपोआप मान वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

बाबांची निघायच्या आधीची फेरी मला अजून दिसते. हातात लोखंडी टॉमी, आणि एकेक टायरवर ठोका. हवा भरलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी उडवून लावतो, बसलेला टायर मऊ, भद्द वाजतो. मागच्या जोडचाकांतला आतला टायर डोळ्यांनी कळत नाही म्हणून तो ठोका, कारण बाहेरचा सगळं वजन धरून ठेवतो आणि आतला कधी गेला समजत नाही. हवा किती आहे हे ठोक्याने कळत नाही, त्याला गेजच लागतो, हेही ते सांगायचे, ठोका फक्त "कुणी मेलंय का" बघायला. मग दिवे, मग खाली वाकून जमिनीवर तेलाचा डाग, मग दोर आणि ताडपत्री, मग आरसे स्वतःच्या हाताने पुसायचे. टायरच्या बाजूला छापलेले शेवटचे चार आकडे वाचायला त्यांनीच मला शिकवलं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी आजही भाड्याच्या गाडीचा टायर वाकून बघते आणि कंपनीतली मुलं हसतात.

केबिनमधून उतरताना त्यांनी कधी उडी मारली नाही. तोंड गाडीकडे, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, कायम तीन आधार. तरुण पोरं दार उघडून धपकन उडी टाकायची आणि बाबा ओरडायचे, कारण ट्रकवाल्यांची कंबर, गुडघे, घोटे रस्त्यावर कमी आणि या पायरीवर जास्त मोडतात, त्यातून तासन्‌तास बसून पाय आखडलेले. बसून राहण्याचा अजून एक त्रास आहे, पायातल्या शिरांत गुठळी होणं. लोकांना वाटतं हा विमानाचाच आजार, पण चार तासांच्या वर हालचाल न करता बसलं की विमान, ट्रेन, बस, कार सगळीकडे हा धोका साधारण दुप्पट होतो, मुळात तो लहान असला तरी. म्हणून दर दोन तासांनी उतरून चालणं हे ड्रायव्हरसाठी आणि मागे बसलेल्यासाठी सारखंच आहे, आणि एकाने उतरायचं म्हटलं की दुसऱ्याला आपोआप विश्रांती मिळते. मी हे मुद्दाम करते. मला पाय मोकळे करायचेत असं म्हटलं की ड्रायव्हरला कमीपणा न वाटता थांबता येतं.

उताराबद्दल एवढंच, की ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच किंवा खालच्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही, भरलेल्या गाडीत तर नाहीच. आणि बंद पडलेल्या गाडीजवळ उभं राहू नका. वाहत्या रस्त्यावर टायर बसला की सगळे उतरून मागे उभे राहून टायरकडे बघत बसतात, मागून येणाऱ्याला आधी तेच दिसत नाहीत. रहदारीच्या उलट्या बाजूने उतरायचं, कठड्याच्या पलीकडे जायचं, मागच्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण लांब मागे ठेवायला जाणं धोक्याचं असेल तर तोही सोडून द्यायचा, आणि मदत येईपर्यंत तिथेच.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलं की मी बाबांची ती फेरीच मारते, फक्त टायरऐवजी दारं. खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजायचं, डावीकडे की उजवीकडे, आणि जिन्याचं दार उघडतं का ते ढकलून बघायचं. लास वेगासला २१ नोव्हेंबर १९८० ला एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली, आग खालच्या मजल्यावर कसिनोच्या भागात होती, पण गेलेल्या ८५ जणांपैकी बरेच जण वरच्या मजल्यांवरचे, ज्वाळांनी नाही, धुराने. धूर लिफ्टच्या आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढला. धुरात हिरवा एक्झिटचा बोर्ड दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून वाकून जाताना मोजलेली दारंच उपयोगी पडतात. बाकी एकट्या बाईने प्रवास करायचा तर थोड्या सवयी आहेतच: रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला तर शांतपणे दुसरी खोली मागायची, दारावर कुणी रूम सर्व्हिस म्हणून ठोठावलं आणि आपण काही मागवलं नसेल तर दार न उघडता रिसेप्शनला फोन करायचा, आणि टॅक्सीत बसायच्या आधी नंबर प्लेट बघून "कुणाला न्यायला आलात?" असं विचारायचं, आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. एवढं आता हातात बसलंय.

पण त्या खोलीत कडी लावून झोपताना मला एक गोष्ट त्रास देते, की ज्याने मला इथे आणलं तो कुठे झोपलाय. बहुतेक वेळा उत्तर असतं, गाडीत. खाली पार्किंगमध्ये, पाय दुमडून, डासांत नाहीतर थंडीत, आणि सकाळी सहाला परत आपल्यालाच घेऊन निघणार. आपण प्रवासाच्या प्लॅनमध्ये फ्लाइट नंबर, खोली, नाश्ता, मीटिंगची वेळ, बिलाचा पत्ता सगळं लिहितो आणि ज्याच्या डोळ्यांवर हे सगळं उभं आहे त्याच्या झोपेला त्यात रकानाच नसतो. मी हा विषय ऑफिसात काढला तेव्हा आधी अकाउंट्सने विचारलं की हे कुठल्या हेडखाली टाकायचं. रागावण्यासारखं काही नव्हतं, त्यांना खरंच हेड माहीत नव्हतं. आता ड्रायव्हरची खोली हा प्रवासखर्चच धरतात, नेहमी नाही, पण धरतात. आणि विचारायची पद्धतही मी बदलली आहे. "झोप येतेय का?" असं विचारलं तर कुणीही नाही म्हणणार, नोकरीचा प्रश्न आहे. त्याऐवजी गाडीत बसताना, नमस्कार-चमत्कार झाले की, "दादा, आज किती वाजल्यापासून आहात गाडीवर?" एवढंच. याचं उत्तर लोक खरं देतात, कधीकधी अभिमानानेसुद्धा देतात, कालपासून आहे मॅडम, आणि मग पुढचं मला ठरवता येतं. दुसरी गाडी मागवता येते, निघणं पुढे ढकलता येतं, नाहीतर वाटेतला थांबा तिथेच पक्का करता येतो, दोन तासांनी पहिला, मी आठवण केली नाही तरी.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने त्याच्या ट्रिपचं वेळापत्रक दाखवलं. रात्री अकराला विमान उतरणार, लगेच पाच तासांची कार, सकाळी आठला प्लँटवर रिपोर्टिंग. त्याला वाटत होतं की हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचलं. मी फक्त विचारलं, तुला न्यायला येणारा माणूस त्या दिवशी किती वाजता उठलेला असेल? तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला, मग ट्रॅव्हल डेस्कला फोन लावून एअरपोर्टजवळ दोन खोल्या घेतल्या, सकाळी सातला निघायचं ठेवलं, आणि प्लँटला जरा घाबरतच मेल टाकली की येणं दुपारी एकला जमेल. तिकडून लगेच उत्तर आलं की बरं झालं, सकाळी आठला शिफ्ट बदलते, त्यांनाही त्या वेळी कुणी यायला नकोच होतं.